जुन्या मोटारीचा प्रॉपेलर शाफ्ट : एकसंध की दोन तुकड्यांचा?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर जुन्या मोटारींच्या देखभालीसंबंधी नुकताच आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी, दोन तुकड्यांचा असेल आणि त्याचे सेंटर बेअरिंग, म्हणजे दोन तुकड्यांच्या सांध्याजवळचा आधार, खराब झाले असेल, तर नवे बेअरिंग शोधत बसण्यापेक्षा चांगल्या लेथवाल्याकडून एकसंध शाफ्ट बनवून घ्यावा, म्हणजे बेअरिंगची कटकट कायमची मिटते, असा सल्ला त्यात दिला आहे. हा सल्ला काही गाड्यांच्या बाबतीत बरोबर आहे. परंतु ज्या गाड्यांच्या मालकांना तो सर्वाधिक मोहात पाडील, नेमक्या त्याच गाड्यांना तो अपायकारक आहे, आणि लेखात हा भेद कोठेही केलेला नाही. प्रॉपेलर शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात, तेही फिरत्या शाफ्टचे वजन समतोल करणाऱ्या बॅलन्सिंग विभागात, माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे या बाबतीत गप्प राहणे मला योग्य वाटत नाही.

उदाहरणासाठी मी पुण्याचीच गाडी घेतो. १९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लासची जुळणी सुरू झाली. डब्ल्यू १२४ या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी ही गाडी ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल अशा रूपांत आपल्याकडे विकली गेली. त्यांतल्या ज्या गाड्या आज रस्त्यावर आहेत त्या तीस वर्षांच्या झाल्या आहेत, त्यांचे मालक त्या जिवापाड सांभाळतात, आणि मीही त्यांच्यापैकीच एक आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स अजून ठणठणीत असले तरी या गाड्यांमधले रबर मात्र आता हात टेकू लागले आहे. सेंटर बेअरिंग ज्या रबरी कड्यात बसते ते कडे फाटते, शाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी कपलिंगे तडकतात, गाडी सुटताना खालून धप्प असा आवाज येतो आणि ठरावीक वेगाला सीटखाली गुणगुण सुरू होते. अशा वेळी गॅरेजमध्ये ‘मधले बेअरिंगच काढून टाकू’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मलाही ते ऐकवले गेले आहे.

ते बेअरिंग तेथे का आहे, याचे उत्तर गाडीच्या लांबीत आहे. डब्ल्यू १२४ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,८०० मिलिमीटर आहे. त्यातून इंजिन आणि गिअरबॉक्सची जागा वजा केली तरी शाफ्टच्या वाट्याला बराच मोठा पल्ला उरतो. लांब, पोकळ नळी दोन टोकांना धरून फिरवली, की एका विशिष्ट वेगाला ती दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी मध्यभागी बाहेर फुगू लागते. याला क्रांतिक वेग म्हणतात. नळी कितीही सरळ आणि कितीही नीट बॅलन्स केलेली असली तरी हा वेग टळत नाही. चांगल्या बॅलन्सिंगमुळे थरथर कमी होईल, पण क्रांतिक वेग जेथे आहे तेथेच राहील. तो ठरतो मुख्यतः दोन गोष्टींवर, नळीच्या लांबीवर आणि तिच्या व्यासावर. व्यास वाढला की क्रांतिक वेग त्याच प्रमाणात वाढतो. लांबीचा परिणाम याहून फार कठोर आहे, कारण तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी केली की क्रांतिक वेग चौपट होतो, आणि दोन तुकड्यांच्या शाफ्टमागचा सारा विचार या एका नियमात आहे.

आकडे मांडून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. हिशेबाच्या सोयीसाठी शाफ्ट दीड मीटर लांबीचा, पोलादी नळीचा बाहेरचा व्यास ७० मिलिमीटर आणि तिची जाडी २ मिलिमीटर धरू. अशा एकसंध नळीचा क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे ५,१०० फेरे येतो. तीच नळी मधोमध विभागून बेअरिंगवर टेकवली तर प्रत्येक तुकड्याचा क्रांतिक वेग २०,००० च्या पुढे जातो, म्हणजे गाडी तेथवर कधी पोचणारच नाही. आता रस्त्यावरचा वेग पाहू. १९५/६५ आर १५ मापाचे टायर ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला साधारण ८६० फेरे घेते. शाफ्टची फिरकी मागच्या चाकांना देणाऱ्या डिफरन्शियलचे गुणोत्तर साडेतीन धरले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे साडेतीन फेरे धरले, तर शाफ्ट ३,००० फेऱ्यांनी फिरत असतो आणि ताशी १२० किलोमीटरला ३,६०० फेऱ्यांनी. येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. शाफ्टचे फेरे इंजिनावर नाही, तर चाकाच्या वेगावर आणि डिफरन्शियलवर ठरतात. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा वेगाने फिरवणारा, असेल तर डॅशबोर्डवरचा काटा शांतपणे २,५०० दाखवत असतानाही खाली शाफ्ट त्याहून वेगाने फिरत असतो.

५,१०० आणि ३,६०० या आकड्यांत भरपूर अंतर आहे, असे वरवर पाहता वाटेल. परंतु शाफ्टचे वाकणे क्रांतिक वेगाला अचानक सुरू होत नाही, ते आधीपासूनच वाढत जाते. फिरण्याचा वेग क्रांतिक वेगाच्या ७० टक्क्यांवर पोचला की नळीत मुळात असलेला बाक जवळजवळ दुप्पट होतो आणि ८५ टक्क्यांवर तो साडेतीन पटींहून अधिक होतो. म्हणूनच आमच्या धंद्यात शाफ्टचा कमाल वेग क्रांतिक वेगाच्या ७० टक्क्यांच्या आसपास रोखण्याची रीत आहे. ५,१०० चे ७० टक्के म्हणजे ३,५७०. याचा अर्थ असा, की वरच्या मापाचा एकसंध शाफ्ट बसवलेली गाडी ताशी १२० किलोमीटरला सुरक्षित मर्यादेच्या काठावर येऊन उभी राहते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची कायदेशीर मुभा आहे. ही गाडी नवी असताना आपल्याकडे त्या वेगाने तासन् तास जाण्याचे रस्तेच नव्हते. आज एखादा मालक नागपूरहून निघून गाडी सलग त्या वेगाने नेऊ शकतो. शाफ्ट जुना झाला, काम मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाले, ही परिस्थिती लेखकाने विचारात घ्यायला हवी होती.

याच हिशेबातली आणखी एक बाब गॅरेजमध्ये सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणारा सांधा, ज्याला आपण साधेपणाने क्रॉस म्हणतो, तो कोनात फिरत असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. त्यामुळे शाफ्टला प्रत्येक फेऱ्यामागे दोन धक्के बसतात आणि शाफ्ट क्रांतिक वेगाच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरत असतानाच हे धक्के नळीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात. आपल्या उदाहरणात तो निम्मा वेग २,५५० फेरे, म्हणजे ताशी सुमारे ८५ किलोमीटर आहे. एकसंध शाफ्ट बसवल्यानंतर ‘ऐंशी-नव्वदला गाडी घुमते, पुढे गेली की बरी होते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना टायर बदलायला सांगितले जाते, चाकांचे अलाइनमेंट करून दिले जाते, आणि दोष मात्र नळीच्या लांबीत तसाच राहतो.

लेखात ॲल्युमिनियमच्या शाफ्टची शिफारस आहे. ॲल्युमिनियम हलके असल्याने क्रांतिक वेग वाढतो, अशी समजूत तिच्यामागे दिसते. ती बरोबर नाही. क्रांतिक वेग धातूच्या वजनावर एकट्याने ठरत नाही, तर धातूचा ताठरपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश आणि ताठरपणाही जवळपास एकतृतीयांशच असल्यामुळे दोन्ही धातूंचे हे गुणोत्तर जवळजवळ सारखे येते. त्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर वजन घटेल, क्रांतिक वेग होता तेवढाच राहील. ॲल्युमिनियमचा खरा फायदा असा, की वजन न वाढवता नळी मोठ्या व्यासाची करता येते. दीड मीटर लांबीची, ९० मिलिमीटर व्यासाची नळी घेतली तर क्रांतिक वेग ६,५०० च्या आसपास जातो आणि आपल्या उदाहरणातली गाडी ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत ७० टक्क्यांच्या मर्यादेत राहते. हा मार्ग निश्चितच विचारात घेण्यासारखा आहे. मात्र त्यासाठी गाडीच्या बोगद्यात, म्हणजे ज्या पन्हळीतून शाफ्ट जातो तेथे, सायलेन्सरचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि उष्णतारोधक पत्रा यांच्यामधून त्या व्यासाला जागा मिळाली पाहिजे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, तेव्हा ही जागा गाडी उभी असताना दिसते त्यापेक्षा जास्त सोडावी लागते.

एकसंध शाफ्टची ही आवड मुख्यतः अमेरिकेतून आली आहे आणि तेथे तिला आधार आहे. २००५ ते २०१४ या काळातल्या फोर्ड मस्टँगला कारखान्यातून दोन तुकड्यांचा पोलादी शाफ्ट येत असे आणि तो काढून मोठ्या व्यासाचा एकसंध ॲल्युमिनियमचा शाफ्ट बसवण्याची तिथल्या हौशी मालकांत पद्धत पडली. त्या शाफ्टची लांबी, व्यास आणि कमाल फेरे बनवणाऱ्यांनी आधी मोजलेले असतात. शिवाय मस्टँगच्या त्या पिढीचा मागचा धुरा सलग होता, चाकांबरोबर वरखाली होणारा होता. डब्ल्यू १२४ ची रचना वेगळी आहे. तिच्यात डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याशी बांधलेले असते आणि खड्ड्यातून जाताना फक्त चाके हलतात.

हा फरक निवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सलग धुरा असलेल्या गाडीत धुरा वर चढला की शाफ्टचा कोन बदलतो. धुरा १० सेंटिमीटर हलला, तर १.४ मीटर लांबीच्या शाफ्टचा कोन सुमारे ४ अंशांनी बदलतो. शाफ्टचा मागचा तुकडा ०.७ मीटरचाच असेल तर तोच बदल ८ अंशांचा होतो. क्रॉसमधून होणारा वेगातला चढउतार ४ अंशांना पाव टक्क्याच्या आसपास, तर ८ अंशांना जवळजवळ एक टक्का असतो. म्हणजे सलग धुऱ्याच्या, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेल्या गाडीला लांब एकसंध शाफ्ट सोयीचा पडतो, अर्थात क्रांतिक वेगाचे गणित परवानगी देत असेल तर. अँबेसेडरमध्ये पहिल्यापासून एकसंध शाफ्ट आहे आणि त्या गाडीला तोच योग्य आहे. ऐंशी इंची व्हीलबेसच्या जुन्या महिंद्र जीपमध्ये तर शाफ्ट इतके आखूड आहेत, की तेथे मधल्या बेअरिंगचा प्रश्नच येत नाही. जिप्सीमध्येही ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, मध्यभागी असल्याने पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट बेताच्या लांबीचे आहेत. या गाड्यांच्या मालकांना कोणी ‘दोन तुकड्यांचा करून घ्या, आवाज कमी होईल’ असे सांगितले, तर तेही तितकेच चुकीचे ठरेल. याउलट डब्ल्यू १२४ मध्ये डिफरन्शियल जागेवर स्थिर असल्यामुळे मागचा तुकडा आखूड असूनही त्याचा कोन फारसा बदलत नाही. दोन तुकड्यांच्या शाफ्टचा एकमेव मोठा तोटा या गाडीत उद्भवतच नाही, तरीही आपण तो शाफ्ट काढून टाकायला निघतो.

या गाडीत आणखी एक अडचण आहे. तिच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस नसून रबरी कपलिंगे आहेत. क्रॉस फक्त मध्ये, सेंटर बेअरिंगजवळ आहे. रबरी कपलिंग इंजिनाचे हिसके गिळते, पण लांब, फुगू पाहणाऱ्या नळीला ते पोलादी जॉइंटसारखे घट्ट धरू शकत नाही. टोके तशीच ठेवून मध्ये फक्त लांब नळी घालणे हे मी पाहिलेल्या प्रयोगांतले सर्वांत वाईट. आणि टोकांना क्रॉस बसवायचे ठरवले, तर गिअरबॉक्सच्या आणि डिफरन्शियलच्या तीन पायांच्या फ्लॅन्जना, म्हणजे जोडाच्या चकत्यांना, जुळणारे जोडतुकडे करावे लागतात. ते अर्धा मिलिमीटरही केंद्राबाहेर गेले तर संपूर्ण शाफ्ट केंद्राबाहेर फिरतो. त्याचा भार शेवटी गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर पडतो, आणि ते बेअरिंग सेंटर बेअरिंगच्या कितीतरी पट महाग पडते.

बॅलन्सिंगबद्दलही थोडे सांगतो. नळीच्या एका बाजूला, केंद्रापासून ३५ मिलिमीटरवर, १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ३,००० फेऱ्यांना ते साधारण साडेतीन किलोच्या जोराने ओढते आणि ३,६०० फेऱ्यांना पाच किलोच्या. ही ओढ दर सेकंदाला पन्नास-साठ वेळा दिशा बदलते. लेथवर डायल लावून शाफ्ट सरळ फिरताना पाहिला म्हणजे तो बॅलन्स झाला, असे समजणारे कारागीर अजून भेटतात. बॅलन्सिंगच्या यंत्रावर शाफ्ट त्याच्या स्वतःच्या फ्लॅन्जवर फिरवावा लागतो, दोन्ही टोकांना उरलेला असमतोल मोजावा लागतो आणि तो कागदावर लिहून द्यावा लागतो. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर तो जोडलेल्या अवस्थेत, सेंटर बेअरिंगसह बॅलन्स व्हायला हवा. वेगवेगळे तुकडे बॅलन्स करून नंतर जोडल्यास ते काम अर्धवट राहते. नळी कापून पुन्हा वेल्ड केलेली असेल तर दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके तुकडे, एका रेषेत आहेत का, हे मालकाने स्वतः खाली वाकून पाहावे. दोन क्रॉसच्या एकसंध शाफ्टमध्ये योक एका रेषेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तरच एका क्रॉसने केलेला चढउतार दुसरा क्रॉस भरून काढतो. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या बारीक सुया थोड्या तरी हलल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकाच जागी दबून खाचा पडतात.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे, की डब्ल्यू १२४ किंवा तशाच रचनेच्या, म्हणजे लांब व्हीलबेसच्या आणि बांधलेल्या डिफरन्शियलच्या कोणत्याही जुन्या गाडीत दोन तुकड्यांचाच शाफ्ट ठेवावा आणि त्याची रबरे व बेअरिंग नवी घालावीत. सेंटर बेअरिंग, त्याचे रबरी कडे आणि दोन्ही कपलिंगे एकाच वेळी बदलावीत. एक नवे आणि दोन जुनी ठेवली तर नव्याचे आयुष्य जुन्यांमुळे घटते. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लॅन्जवर पंचाने खुणा कराव्यात, कारण दोन तुकडे आतल्या दात्यांवर एक दाता जरी सरकून बसले तरी कारखान्यातले बॅलन्सिंग वाया जाते. मधल्या सरकत्या जोडावरचा मोठा नट आधी सैल करावा. शाफ्ट परत चढवल्यावर गाडी चाकांवर उभी करून थोडी पुढेमागे ढकलावी, म्हणजे शाफ्ट आपली नैसर्गिक लांबी घेतो, आणि त्यानंतरच सेंटर बेअरिंगचे बोल्ट व तो नट आवळावा. गाडी जॅकवर लटकलेली असतानाच सारे आवळून टाकले, तर नवे रबर पहिल्या दिवसापासून एका बाजूला ताणलेले राहते आणि थोड्याच काळात फाटते. मग ‘नवे भागच आता हलके येतात’ असा निष्कर्ष निघतो.

त्याही आधी, दोष शाफ्टचाच आहे याची खात्री करून घ्यावी. थरथर ज्या वेगाला येते त्या वेगाला, मोकळ्या सरळ रस्त्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून इंजिनाचे फेरे खाली येऊ द्यावेत. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष आहे. ती मुख्यतः स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर प्रथम चाके पाहावीत. सीटखाली आणि पायांखाली बारीक, वेगवान गुणगुण असेल तर शाफ्टकडे वळावे, कारण शाफ्ट चाकाच्या तिपटीहून अधिक वेगाने फिरतो. गिअरबॉक्सचे मागचे माउंटिंग खाली बसले असेल तर शाफ्टचा कोन बिघडतो, आणि तेवढे एक रबर बदलून गाडी शांत झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

ज्यांनी इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला आहे आणि ज्यांना जुना शाफ्ट बसतच नाही, त्यांचा मार्ग अर्थातच वेगळा आहे. त्यांनी शाफ्ट करायला टाकण्यापूर्वी दोन जॉइंटांच्या केंद्रांमधले अंतर, डिफरन्शियलचे गुणोत्तर, टायरचे माप आणि आपण गाडी जास्तीत जास्त कोणत्या वेगाने चालवणार, हे चार आकडे बनवणाऱ्यासमोर ठेवावेत आणि क्रांतिक वेग किती येतो ते विचारावे. ज्याला हा प्रश्नच कळला नाही, त्याच्याकडे ते काम देऊ नये.

आपल्या पानावर या विषयावरचा खुलासा मूळ लेखाइतक्याच ठळकपणे छापावा, अशी विनंती आहे. आणि ज्या वाचकांनी तो लेख वाचून एकसंध शाफ्ट करायला आधीच टाकला असेल, त्यांनी जुना शाफ्ट कारागिराकडे मोडीत सोडून येऊ नये. त्याच्या फ्लॅन्ज, मधला सरकता जोड आणि दोन्ही तुकड्यांच्या लांब्या हाच दुरुस्तीसाठी उपलब्ध असलेला अचूक नमुना आहे. बेअरिंग आणि रबरे नवी मिळतात, पण मूळ शाफ्ट कापला गेला तर तो तसाच पुन्हा मिळवणे फार कठीण जाते.

आपला नम्र,
एक वाचक,
चिंचवड, पुणे